दाग, हुलिया आणि एफ. सी. : सीमाभागातील वाहनतपासणीची कथा



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते गुरुजी गणित शिकवीत असत, आणि उत्तर बरोबर आले तरी रीत दाखविल्याशिवाय पूर्ण गुण देत नसत. मोटारींच्या तपासणीचा विषय मराठीच्या एका निवृत्त प्राध्यापकाने का निवडावा, असा प्रश्न निमंत्रणपत्रिका वाचून आपल्यापैकी अनेकांना पडला असेल. माझे उभे आयुष्य जुनी कागदपत्रे वाचण्यात गेले. कागद खरा की खोटा, शिक्का कोणाचा, आणि त्या कागदात लिहिलेले जमिनीवर खरोखर होते काय, हे तीन प्रश्न वेगवेगळे असतात. मोटारीच्या फिटनेस सर्टिफिकेटला, म्हणजे सरकारी मराठीतल्या ‘योग्यता प्रमाणपत्राला’, हेच तीन प्रश्न लागू पडतात. त्यांतील तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर चुकले तर त्याची किंमत माणसांच्या प्राणांनी मोजावी लागते, एवढाच काय तो फरक.

प्रथम शब्दांकडे वळतो, कारण तो माझा धंदा आहे. आपल्या बीदर-कलबुर्गीकडचा ड्रायव्हर म्हणतो, “गाडी एफ. सी. ला न्यायची आहे.” तोच माणूस सोयरिकीने उदगीरला किंवा उमरग्याला गेला की तेथला मेहुणा म्हणतो, “पासिंगला न्यायची आहे.” काम एक, कायदा एक, मधे फक्त एक राज्यसीमा. मोटार वाहन निरीक्षकाला तर आपल्याकडे ‘ब्रेक इन्स्पेक्टर’ असेच म्हणतात. कन्नड आणि तेलुगू बोलणाऱ्यांतही हा शब्द रूढ आहे. मला हे नाव फार अर्थपूर्ण वाटते. त्या अधिकाऱ्याच्या अधिकारात परवाने येतात, कर येतो, वजन येते. पण लोकांनी नाव ठेवताना ब्रेक तेवढा उचलला.

ही सीमा कशी आली ते या सभागृहात विस्ताराने सांगण्याची गरज नाही. तरीही तरुण श्रोत्यांसाठी दोन शब्द सांगतो. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत आपण हैदराबाद राज्यात होतो. त्या दिवशी जुन्या बीदर जिल्ह्याचे तीन तुकडे झाले. अहमदपूर, निलंगा आणि उदगीर हे तालुके मुंबई राज्यात गेले, जहिराबाद-नारायणखेडचा भाग आंध्रात गेला, आणि बीदर, भालकी, हुमनाबाद, औराद म्हैसूर राज्यात आले. गुलबर्ग्यातून कोडंगल आणि तांडूर आंध्राला मिळाले. या विभागणीवर आजवर पुष्कळ लिहिले-बोलले गेले आहे. महाजन आयोगाच्या १९६७ च्या अहवालावर तर आपल्यापैकी ज्येष्ठ मंडळी अजूनही तावातावाने बोलतात. परंतु विभागणीने मोटारीचे काय केले याकडे कोणी फारसे पाहिलेले नाही. मुंबई राज्याचे मोटार वाहन नियम १९५९ चे, म्हैसूरचे १९६३ चे, आंध्राचे १९६४ चे. म्हणजे पूर्वीच्या एकाच जिल्ह्यातील तीन गावांच्या तीन लॉऱ्या दहा वर्षांच्या आत तीन नियमपुस्तकांखाली गेल्या. मूळ कायदा मात्र तिन्हीकडे १९३९ चाच होता, आणि त्याच्या ३८ व्या कलमाप्रमाणे व्यवसायाच्या वाहनाला योग्यता प्रमाणपत्राशिवाय रस्त्यावर येण्याची मुभा नव्हती.

त्याच्याही मागे जाऊ या. निजामाने १९३० मध्ये रेल्वे कंपनीकडून आपल्या राज्यातील रेल्वे विकत घेतली, आणि जून १९३२ मध्ये त्याच रेल्वेचे एक खाते म्हणून मोटारसेवा सुरू झाली. सत्तावीस गाड्या आणि एकशे सहासष्ट नोकर एवढाच तिचा प्रारंभीचा पसारा. त्यांतली स्कॉटलंडच्या अल्बियन कंपनीची एक जुनी बस हैदराबादेत जतन करून ठेवली आहे; ती ज्यांनी पाहिली असेल त्यांना त्या लाकडी सांगाड्याची कल्पना येईल. ही सेवा रेल्वेच्या पोटी जन्मली याला माझ्या मते महत्त्व आहे. प्रत्येक मुक्कामी हातोडीने चाक ठोकून त्याचा नाद ऐकणारा माणूस हा रेल्वेच्या जगातला. चाक चिरले असेल तर नाद बद्द येतो. डबा रुळांवर जाण्यापूर्वी कोणीतरी तो तपासला पाहिजे आणि तपासल्याचे वहीत लिहिले पाहिजे, ही रीत रेल्वेने मोटारीला शिकविली असणार. खाजगी लॉरीवाल्याला ती कोण शिकविणार? त्याच्यासाठी ब्रेक इन्स्पेक्टर आला.

तपासणीची ही कल्पना मात्र मोटारीहून फार जुनी आहे, आणि तिचा एक धागा दिल्लीच्या सुलतानीतून जातो. अल्लाउद्दीन खिलजीने लष्करासाठी दोन गोष्टी घालून दिल्या. घोड्यावर डाग देणे, म्हणजे ‘दाग’. आणि शिपायाचे वर्णन लिहून ठेवणे, म्हणजे ‘हुलिया’. कारण उघड होते. हजिरीच्या दिवशी शिपाई शेजाऱ्याचा चांगला घोडा मागून आणीत, एकच घोडा दोनदा दाखवीत आणि नंतर घरी तट्टू बांधून ठेवीत. पुढे अकबरालाही हीच पद्धत पुन्हा आणावी लागली. मोटारीच्या चासीवर ठोकलेला नंबर हा दाग, आणि आर. सी. बुक हा हुलिया. मागून आणलेला घोडाही आपण सांभाळून ठेवला आहे! पासिंगच्या दिवसापुरते बरे टायर भाड्याने आणून बसवायचे, सायंकाळी परत करायचे आणि जुने गुळगुळीत टायर पुन्हा चढवायचे, ही युक्ती आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी जे वाहतुकीच्या धंद्यात आहेत त्यांना मी सांगावी असे नाही.

आणि बीदरमध्ये उभे राहून कागदपत्रांविषयी बोलायचे तर महमूद गावानला टाळून कसे चालेल? ज्याने १४७२ मध्ये येथे मदरसा उभारला, ज्याने सरदारांकडे ठरल्याप्रमाणे फौज आहे की नाही हे पाहून कमी भरेल तेवढे पैसे कापण्याची शिस्त लावली, त्या वजिराचा अंत एका कागदाने झाला. विरोधकांनी त्याच्या शिक्का सांभाळणाऱ्याला वश करून एका कोऱ्या कागदावर शिक्का उठवून घेतला आणि मग त्यावर ओढ्र देशाच्या राजाला लिहिल्यासारखे फितुरीचे पत्र लिहिले. सुलतानाने शिक्का पाहिला. शिक्का खराच होता. ५ एप्रिल १४८१ रोजी गावानचा शिरच्छेद झाला. ही कथा आपण शाळेत इतिहास म्हणून शिकलो. मी ती कागदशास्त्राचा पहिला पाठ म्हणून शिकवीत असे. शिक्का खरा असणे आणि मजकूर खरा असणे यांत जे अंतर आहे, त्यातच गावान मारला गेला. गाडी न पाहता सही केलेले योग्यता प्रमाणपत्र हा त्याच जातीचा कागद होय. सही खरी, शिक्का खरा, तारीखही खरी. फक्त ब्रेक कोणी दाबून पाहिलेला नसतो.

स्वातंत्र्यानंतरच्या चाळीस वर्षांचा वृत्तांत थोडक्यात आटोपतो, कारण त्यात नवे थोडे आहे. रस्ते वाढले, शहाबादी फरशीच्या आणि वाडीच्या सिमेंटच्या लॉऱ्या वाढल्या, कारखान्यांबरोबर उसाचे ट्रॅक्टर आले. तपासणीची रीत मात्र तीच राहिली. मैदानात गाड्यांची रांग, हातात कागद घेतलेला एजंट, आणि एकेका गाडीभोवती मिनिटभर फिरणारा अधिकारी. त्या अधिकाऱ्याला सर्वस्वी दोष देणे मला प्रशस्त वाटत नाही. एका माणसाने एका दिवसात इतक्या गाड्या डोळ्यांनी तपासायच्या, हाती उपकरण नाही, ब्रेक पाहायला मोकळा रस्ता नाही. अशा वेळी तपासणी ही नजरेची आणि पुढे नुसत्या सहीची होत जाते.

१९८८ चा मोटार वाहन कायदा १ जुलै १९८९ पासून लागू झाला. त्याच्या ५६ व्या कलमात योग्यता प्रमाणपत्र आले, आणि त्याखालच्या केंद्रीय नियमांनी देशभर मुदती एकसारख्या केल्या. नव्या व्यावसायिक वाहनाला पहिली दोन वर्षे, त्यानंतर दर वर्षी तपासणी. २०१८ मध्ये यात बदल होऊन आठ वर्षांपर्यंतच्या वाहनांना दोन वर्षांनी आणि त्यापुढच्यांना दर वर्षी असे ठरले. खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षे चालते आणि त्यानंतर दर पाच वर्षांनी ती गाडी दाखवावी लागते. बीदरला के. ए. ३८, गुलबर्ग्याला के. ए. ३२, पलीकडे लातूरला एम. एच. २४ अशी नंबरांची नवी ओळखही याच काळातली.

नियम एक झाले, तरी वह्या वेगळ्याच राहिल्या. सीमेवरच्या माणसाचा खरा जाच येथे होता. गेल्या शतकाच्या अखेरीस मी पलीकडच्या राज्यातून एक जुनी मोटार विकत घेतली आणि तिची नोंद इकडे करून घेण्याच्या खटपटीला लागलो. मूळ कार्यालयाचा ‘ना हरकत’ दाखला हवा. तो खरा आहे याची इकडच्या कार्यालयाने पत्राने खातरजमा करायची. त्या पत्राचे उत्तर यायचे. दोन कार्यालयांत बसने जाण्यास जेमतेम अडीच तास लागत. पत्राला चार महिने लागले. तोवर गाडी माझ्या अंगणात कुत्र्यांना सावली देत उभी होती. दुसऱ्या पत्राच्या वेळी एका कारकुनाने मला सौजन्याने सुचविले, “सर, तुम्हीच का घेऊन जात नाही?” म्हणजे ज्या कागदाच्या खरेपणाची खात्री करायची, तो ज्याच्यावर संशय त्यानेच हातोहात न्यायचा!

या पार्श्वभूमीवर ‘वाहन’ या संगणकीय प्रणालीचे महत्त्व ध्यानात घ्यावे. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने ती तयार केली, आणि या शतकाच्या पहिल्या दशकापासून राज्याराज्यांतील कार्यालये तिच्यावर येत गेली. प्रारंभी प्रत्येक कार्यालयाचा संगणक वेगळा होता. पुढे बहुतेक राज्यांच्या नोंदी एका मध्यवर्ती ठिकाणी आल्या. आज हुमनाबादजवळ राष्ट्रीय महामार्गावर उभा असलेला अधिकारी सोलापूरच्या ट्रकची योग्यता कोणत्या तारखेपर्यंत आहे हे हातातल्या फोनवर पाहू शकतो, आणि २०१८ पासून चालकाने फोनवर दाखविलेला दाखलाही कायद्याने ग्राह्य मानला जातो. १९५६ ने एका जिल्ह्याच्या ज्या तीन वह्या केल्या होत्या, त्यांतल्या कर्नाटकाच्या आणि महाराष्ट्राच्या वह्या जवळपास साठ वर्षांनी पुन्हा एक झाल्या. ही गोष्ट कोणत्या आयोगाने केली नाही की कोणत्या आंदोलनाने. सीमाप्रश्नाचा अभ्यास करणाऱ्यांनी हिची नोंद घ्यावी असे मला वाटते.

जुन्या वह्यांतील नोंदी संगणकात भरताना मात्र आपल्या नावांची जी दशा झाली ती मराठीच्या अध्यापकाने सांगायलाच हवी. नोंद इंग्रजी लिपीत, भरणारा कन्नड भाषक किंवा उर्दू भाषक, नाव मराठी. जाधवांचे जादव झाले, पाटलांच्या नावात ‘टी’ एक की दोन यावर वाद झाले, बिरादारांच्या ‘द’ ला कोठे ‘ह’ चिकटला तर कोठे गळाला. कागदाच्या काळात याने काही अडत नसे, कारण समोरचा माणूस पाहून कारकून समजून घेई. यंत्राला जाधव आणि जादव ही दोन वेगळी माणसे. आधार कार्डावरील नाव आणि आर. सी. वरील नाव जुळत नाही म्हणून ज्याचे काम अडले आहे असा एक तरी माणूस या सभागृहात निघेल, याविषयी मला शंका नाही.

असो. नोंद एकत्र आली. पण तपासणीचे काय? येथे आपल्याला महाराष्ट्राकडे पाहावे लागते. पुण्याचे श्रीकांत कर्वे यांनी मुंबई उच्च न्यायालयात एक जनहित याचिका दाखल केली. वाहनांची तपासणी नियमाप्रमाणे होतच नाही, हे तिचे सार. २०१६ मध्ये न्यायालयाने राज्य सरकारला जे आदेश दिले त्यांत एक अगदी साधी गोष्ट होती : ब्रेक पाहण्यासाठी प्रत्येक कार्यालयाकडे अडीचशे मीटरचा चाचणीमार्ग असला पाहिजे. विचार करा, श्रोतेहो. मोटारी येऊन शतक लोटले, नोंदी संगणकावर गेल्या, आणि उच्च न्यायालयाला सांगावे लागले की ब्रेक तपासायचा तर गाडी पळविण्यापुरता रस्ता हवा. ज्या कार्यालयांना असा मार्ग नव्हता त्यांचे पासिंगचे काम पुढे थांबविण्यापर्यंत गोष्ट गेली. कर्व्यांच्या या याचिकेला मी आपल्या भागातील अनेक परिषदांच्या ठरावांहून मोठे काम मानतो.

यंत्राने तपासणी करण्याचा विचार याच काळात पुढे सरकला. नाशिकला केंद्र सरकारच्या साहाय्याने नमुन्याचे तपासणी केंद्र उभे राहिले, कर्नाटकात बेंगळुरूजवळ नेलमंगलला झाले. २०१९ च्या दुरुस्ती कायद्याने स्वयंचलित चाचणी केंद्रांना आधार दिला आणि सप्टेंबर २०२१ मध्ये त्यांचे नियम निघाले. जड वाहनांसाठी १ एप्रिल २०२३ ही सक्तीची तारीख आधी ठरली होती. केंद्रे पुरेशी नव्हती म्हणून ती १ ऑक्टोबर २०२४ वर गेली.

या केंद्रात काय होते ते जरा सावकाश सांगतो, कारण रस येथे आहे. गाडीची दोन चाके जमिनीत बसविलेल्या रुळांवर उभी करतात. रूळ चाकांना फिरवितात, चालक ब्रेक दाबतो, आणि प्रत्येक चाक रुळांना किती जोराने अडविते ते यंत्र वेगवेगळे मोजते. म्हणजे ब्रेक ‘लागतो’ एवढेच कळत नाही. डावे चाक उजव्याहून किती अधिक धरते तेही कळते. ज्याने पावसात काळ्या मातीच्या कडेवरून भरलेली लॉरी चालविली आहे त्याला या फरकाचा अर्थ सांगावा लागत नाही. एक बाजू आधी धरली की गाडी त्या बाजूला ओढली जाते आणि कडेच्या चिखलात उतरते. पटांगणात ताशी वीस किलोमीटरने गाडी चालवून हा दोष डोळ्यांना दिसत नाही. पुढे एका पट्टीवरून गाडी नेऊन चाके सरळ चालतात की तिरपी ते पाहतात. हलत्या पाट्यांवर पुढची चाके उभी करून सांध्यांतील ढिलाई शोधतात. दिव्याचा झोत कोठे पडतो, धूर किती दाट आहे, हॉर्नचा आवाज किती, हे मोजतात. नियम असा की आकडे यंत्रातून परस्पर मध्यवर्ती संगणकाकडे जावेत, मधे कोणाच्या लेखणीने नव्हे. केंद्र चालविणाऱ्याचा गाडीच्या विक्रीशी वा दुरुस्तीशी संबंध नसावा, हीही अट आहे. ती ज्याने घातली त्याला माणसाच्या स्वभावाची चांगली पारख असली पाहिजे.

यंत्र आले की सारे झाले, असे जे म्हणतात त्यांना इतर देशांच्या अनुभवाकडे पाहावे असे सुचवितो. जर्मनीत मोटार तपासणारी जी ‘ट्यूफ’ संस्था प्रसिद्ध आहे तिचा उगम वाफेच्या बॉयलरांत आहे. मानहाइम शहरात एका मद्यनिर्मितीच्या कारखान्यात १८६५ मध्ये बॉयलर फुटला आणि पुढच्याच वर्षी कारखानदारांनी स्वतः तपासणी मंडळ काढले. ज्यांचे नुकसान होणार त्यांनीच तपासनीस नेमला, हा तिच्या विश्वासाचा पाया. इंग्लंडने सप्टेंबर १९६० मध्ये दहा वर्षांहून जुन्या मोटारींची तपासणी सुरू केली आणि २००५-०६ च्या सुमारास तिच्या नोंदी संगणकावर नेल्या. तेव्हापासून तेथे हातातला कागद ही नुसती पावती आहे. पुरावा म्हणजे मध्यवर्ती नोंद. महमूद गावानच्या काळी अशी नोंद असती तर सुलतानाला निदान विचारता आले असते की हे पत्र वजिराच्या दप्तरातून निघाल्याची दुसरी खूण कोठे आहे.

तरीही भाड्याचा टायर यंत्रालाही कळत नाही. रुळांवर तो उत्तम धरतो, आकडा चांगला येतो, आणि तो आकडा कोणाचाही हात न लागता अगदी प्रामाणिकपणे संगणकात जातो. संध्याकाळी टायर परत जातो. घोड्याला दाग होता. टायरवरही कारखान्याचा क्रमांक असतो, पण तो तपासणीच्या नोंदीत लिहून घेण्याची प्रथा पडलेली नाही. माझ्या अल्पमतीप्रमाणे खिलजीचा तपासनीस आपल्याहून एक पाऊल पुढे होता.

दुसरी अडचण अंतराची आणि पैशाची. आपल्याकडे रस्त्यावर जे धावते ते पाहा. शेतमजुरांना नेणारे टमटम, गाणगापूरला दत्तदर्शनासाठी निघालेल्या क्रूझर, हंगामात दोन ट्रॉल्या ओढणारे आणि मागे लाल दिवा नसलेले उसाचे ट्रॅक्टर. त्या टमटमच्या मालकाला दूरच्या केंद्रात जायचे म्हणजे एका दिवसाचा धंदा बुडतो, डिझेल जाते, आणि नापास झाला तर पुन्हा शुल्क भरून यावे लागते. तो टाळणार. टाळले की त्याची योग्यता संपते, योग्यता संपली की विम्याची भरपाई वादात पडते, आणि अपघात झाला तर मेलेल्या मजुराची बायको न्यायालयाच्या पायऱ्या चढते. नोव्हेंबर २०२२ मध्ये चिटगुप्पा तालुक्यातील बेमळखेड्याजवळ मजुरीहून परतणाऱ्या स्त्रियांची रिक्षा आणि ट्रक यांची टक्कर झाली. त्यात सात स्त्रिया गेल्या. त्या टकरीचे कारण ब्रेक होते की आणखी काही याच्याशी मला येथे कर्तव्य नाही. त्या स्त्रिया ज्या तऱ्हेच्या वाहनाने रोज कामाला जातात, त्या वाहनाचा मालक स्वयंचलित केंद्रापर्यंत कसा पोचेल हा माझा प्रश्न आहे. फिरती केंद्रे आठवडी बाजाराच्या दिवशी तालुक्याला आणता येतील. रक्तदानाची गाडी येते, तर ब्रेक तपासणारी का येऊ नये?

तिसरी गोष्ट भाषेची, आणि ती सांगून मी आवरते घेतो. चाचणीचा निकाल चालकाला मिळतो तो इंग्रजीत. ‘डाव्या मागच्या चाकाचा ब्रेक उजव्याहून कमी धरतो’ हे वाक्य मराठीत सोपे आहे, कन्नडमध्ये सोपे आहे, उर्दूत आणि तेलुगूत सोपे आहे. चालकाला ते कळले तर तो ती चिठ्ठी घेऊन सरळ मेकॅनिककडे जाईल. आकड्यांचा इंग्रजी कागद घेऊन तो एजंटाकडे जातो. संगणकाला एकच वाक्य पाच भाषांत छापायला कष्ट पडत नाहीत. या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांपैकी जे बेंगळुरू-पुण्यात संगणकाच्या क्षेत्रात आहेत त्यांनी अशा शे-दीडशे वाक्यांचा मराठी-कन्नड मसुदा करून परिवहन खात्याकडे द्यावा. भाषेचे काम मी करून देईन.

आणखी एक विनंती. आपल्यापैकी ज्यांच्या घरी १९५६ च्या मागची-पुढची मोटारींची नोंदणीपुस्तके, परवाने, योग्यता प्रमाणपत्रे, लॉरीच्या जमाखर्चाच्या वह्या पडून असतील त्यांनी त्या रद्दीत घालू नयेत. संगणकात गेल्या त्या फक्त चालू गाड्यांच्या नोंदी. भंगारात गेलेल्या गाड्यांचा इतिहास त्या पिवळ्या पानांतच आहे. शाळेच्या ग्रंथालयात एक कपाट त्यासाठी मोकळे करण्याचे मुख्याध्यापकांनी मान्य केले आहे. पुस्तके आणताना मधली सुटी पाने गळू देऊ नका, आणि पानांवरचे तेलाचे डाग पुसू नका.